पाण्यानं नाही झालं

माय, तू मला एकदा एक गोष्ट विचारली होतीस, तिचं उत्तर मिळालं. फार उशिरा मिळालं. तू विचारलंस तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सुरतेत, डिंडोलीच्या खोलीत तू कळण्याच्या भाकरी थापत होतीस आणि मी उंबऱ्यात बसून, मांडीवर जाडजूड पुस्तक उघडून, अभ्यासाचं सोंग करत होते. तू मान वर न करता म्हणालीस, "तुन्हा पुस्तकमा तांबाना पानीनं काही लिखेल शे का?" भाऊ जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती आणि आपल्या घरात तांब्याच्या पाण्याचं नाव कुणी काढत नसे. मी म्हटलं, अजून तिथपर्यंत शिकवलं नाही. तू "बरं" म्हणालीस, भाकरी उलटलीस, आणि मग पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यासमोर बसून वाचावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. आज शनिवार आहे. प्रयोगशाळेतली पोरंपोरी दुपारीच पळाली. भट्टी थंड होईस्तोवर मला इथून हलता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

सुरुवात लोट्यापासून करायला हवी. भाऊ लहान असताना, शाळेत नुकता जायला लागला होता तेव्हा, त्याला कावीळ झाली. आप्पा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर, सकाळी गेलेला माणूस रात्री कानात लूमचा खडखडाट घेऊन परत यायचा. त्यांना कुठला वेळ. तूच भाऊला घेऊन उधन्याहून पॅसेंजरनं गावाला गेलीस. गावात कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता. त्यानं भाऊच्या गळ्यात कसल्याशा काड्यांची माळ घातली आणि तुला सांगितलं की पोराचं यकृत कच्चं आहे, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी त्याला रोज सकाळी उपाशीपोटी पाजत जा. कावीळ उतरली. ती तशीही उतरलीच असती, पण तुला तो म्हातारा देव वाटला. येताना तू अमळनेरच्या बाजारातून तांब्याचा लोटा घेऊन आलीस. तो लोटा तू चिंचेनं घासून इतका लख्ख ठेवायचीस की शेजारणी विचारायच्या, रोज नवा आणतेस की काय. रात्री भरून झाकून ठेवायचीस, सकाळी भाऊच्या हातात द्यायचीस आणि शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहायचीस. पाणी फक्त भाऊला. मी धडधाकट, त्यात मुलगी, मला माठातलं. एकदा तू दूध आणायला खाली गेलीस तेव्हा मी त्या लोट्यातलं अर्धं पाणी पिऊन टाकलं. तू आल्या आल्या ओळखलंस आणि पाठीत असा धपाटा घातलास की मला ठसकाच लागला. भावाच्या औषधावर डोळा ठेवतेस, लाज नाही वाटत, असं म्हणालीस. मी दिवसभर फुगून बसले. तुझा जीव भाऊवरच जास्त, याबद्दल माझी खात्री होती, आणि पाणी चवीला काही खास नव्हतं याचाही राग होता.

भाऊ दहावीत गेला आणि त्याचं अक्षर बिघडलं. मोत्यासारखं अक्षर होतं त्याचं, ते मुंग्या पळाव्यात तसं वहीभर पळायला लागलं. मास्तर म्हणाले, मुलगा आळशी झालाय, वाईट संगत लागली असेल. मग चहाचा कप त्याच्या हातात थरथरायला लागला. मग जीभ जड झाली, बोलताना लाळ गळायची. आप्पांना वाटायचं, पोरगं नाटकं करतंय. ते त्याच्यावर हात टाकायचे आणि भाऊ मार खाता खाता हसायचा, त्याला हसू आवरायचंच नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. तू गावाला जाऊन भगताकडून अंगाराही आणलास. आणि पोराला अशक्तपणा आलाय म्हणून तू पाणी दोन वेळा केलंस, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. त्याच्या बुबुळांच्या कडेला पिंगट कडं दिसायला लागलं होतं. ते तुलाच पहिल्यांदा दिसलं. तू कौतुकानं शेजारणीला सांगितलंस की पोराचे डोळे घारे होत चाललेत, आजोबांवर गेलाय. ते कडं तांब्याचं होतं, माय. हे आठवलं की आजही मला हातातलं काम टाकून उठावं लागतं.

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बॅटरीच्या उजेडात भाऊचे डोळे बघितले, मग दुसऱ्याला बोलावलं, मग तिसऱ्याला. तिघंही एकदम उत्साहात आले, पुस्तकातलं चित्र खरोखर समोर आल्यावर येतात तसे. मग एकानं तुला गुजरातीत विचारलं, "तांबाना वासणनुं पाणी आपो छो?" तुझा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तुला तू काय काय केलंस ते विचारत होतं. तू पदर सावरून म्हणालीस, "हा सायब. रोज. भूखे पेट." वर दोन बोटं दाखवलीस, दोन वेळा म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "बंद करो. शरीरमां तांबुं भरायुं छे." तेवढं गुजराती तुला कळायचं. तुझा हात भाऊच्या खांद्यावर होता. तो तू काढून घेतलास आणि दोन्ही हात पदराखाली लपवलेस. मग डॉक्टर आप्पांना बाहेर घेऊन गेला. ते दोघं व्हरांड्यात बराच वेळ बोलत उभे होते. आपण तिघं बाकावर बसून होतो. भाऊ हसत होता आणि तू त्याच्याकडे बघत नव्हतीस. आप्पा आत आले आणि नुसतं "चला" म्हणाले.

मग गोळ्या सुरू झाल्या. त्या मुंबईहून मागवाव्या लागायच्या. शेंगदाणे बंद, तीळ बंद, चॉकलेट बंद, का, तर त्यातही तांबं असतं. खानदेशी घरात शेंगदाण्याशिवाय भाजी करायची म्हणजे काय ते तुझं तुलाच ठाऊक, पण तू केलीस, आणि आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली. थोडे दिवस भाऊ सुधारल्यासारखा वाटला. मग पोट फुगायला लागलं. पुढच्या संक्रांतीच्या आधी तो गेला. दहाव्याला आत्यानं भरल्या घरात तुला ऐकवलं की तुझ्याच हातानं पाजलंस, पोराला विख पाजलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिचं काय जात होतं. पण मला आत्यापेक्षा आप्पा आठवतात. ते भिंतीला टेकून खाली बघत बसले होते. आत्याला गप्प बस म्हणाले नाहीत. नंतर जो येईल त्याला तेच सांगायचे, तांब्याचं पाणी बाधलं. गावाकडचे भेटायला आले, त्यांना हेच. लूमवरचे आले, त्यांनाही हेच. तू चुलीपाशी पाठ करून बसलेली असायचीस. तुझी पाठ सगळं ऐकायची.

तू तो लोटा मोडीत दिलास. त्याच्याबरोबर पितळेचा हंडा, कळशी, सगळंच दिलंस. घरात स्टील आणि प्लास्टिक उरलं. देवळात पुजारी तांब्याच्या पळीतून तीर्थ द्यायला पुढे आला की तू हात मागे घ्यायचीस. ते लोकांच्या लक्षात यायचं नाही, माझ्या यायचं. आणि तू कुणाला पाणी देणं सोडलंस. हे तर कुणालाच कळलं नाही. पाहुणा दारात आला की तू मला हाक मारायचीस, मी घरात नसले तर शेजारच्या पोरीला. जेवायला वाढायचीस, ताटं उचलायचीस, पण ग्लासात पाणी ओतून दुसऱ्याच्या हातात द्यायचं काम तू पुन्हा केलं नाहीस. मला ताप आला होता तेव्हा तू उशाशी रात्रभर बसलीस, कपाळावर पट्ट्या ठेवल्यास, आणि मी पाणी मागितलं तेव्हा आप्पांना झोपेतून उठवलंस. ज्यानं ते पाणी प्यायलं तोच गेला आणि जिनं प्यायलं नाही ती राहिली, एवढा सरळ हिशोब होता. तो चुकीचा आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? मलाही तोच पटला होता.

मला बघायला आले तो दिवसही तुला सांगायचाय. तुला माहीत असलेलाच दिवस, पण माझ्याकडून ऐक. ते लोक नाशिककडचे, सुरतेत बँकेत नोकरीला, आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरचे. मुलाची आई बोलायला गोड होती पण डोळा बारीक. पोहे झाले, चहा झाला, मग तिनं हळूच विचारलं की मुलीचा भाऊ लहान वयात गेला म्हणे, काय झालं होतं, घराण्यात काही आजार वगैरे? आप्पांनी नेहमीचं सांगितलं, तांब्याचं पाणी बाधलं. ती काही समाधानी दिसेना. पाण्यानं कुणी मरतं का, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आलीस. तू पाहुण्यांसमोर कधी बोलत नसायचीस. तू तुझ्या मोडक्यातोडक्या शुद्ध मराठीत म्हणालीस, "घराण्यात काही नाही हो. मीच पाजत होते. माझ्याच हातानं झालं."  मग त्या बाईनं उठून तुझा हात हातात घेतला आणि म्हणाली, असू द्या, आईच ती, तिला काय ठाऊक. माझं लग्न तिथंच ठरलं. मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या धरून उभी होते आणि मला तुझी लाज वाटत होती.

तू गेलीस तेव्हा माझी मुलगी पोटात होती. तुझा ताप साधाच वाटला होता, तो वाढत गेला आणि बघता बघता सगळं संपलं. त्यानंतर आप्पांना मी माझ्याकडे आणलं, नदीपलीकडे. ते गॅलरीत बसून पेपर वाचतात, नातीशी अहिराणीत बोलतात, ती त्यांना गुजरातीत उत्तर देते आणि दोघांचंही बरं चाललंय. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी पुन्हा शिकायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, आता या वयात कसली पीएच.डी. मी फॉर्म भरून टाकला. मला तांब्याचं बघायचं होतं. भाऊचा आजार आईबापांकडून येतो, दोघांकडूनही यावा लागतो, हे तोवर मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तक वाचून माझ्या मनातला लोटा हलेना. आजार आतून आला असेल, मान्य, पण पाण्यानं त्यात किती भर घातली? पोरगं चार वर्षं आधी गेलं की चार दिवस? पुस्तक ते सांगत नव्हतं. आणि आप्पांना अर्धवट काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला जाऊन "तुमच्याकडूनही आलं" म्हणायचं, तर हातात पक्कं काहीतरी हवं. आप्पा डोळे मिटायच्या आत तुझ्यावरचा डाग पुसायचा, माझं शिकणं म्हण, नोकरी म्हण, सगळं त्यासाठी होतं. बाकी सन्मानबिन्मान लोकांना सांगायला.

मी काय करते ते तुला कळेल असं सांगते. चुलीवरच्या पातेल्याला काजळी धरते ना, तिच्याच जातीचे कण. फक्त इतके बारीक की पाण्यात टाकले तर पाण्यात गढूळपणासुद्धा दिसत नाही. त्यांना आम्ही कार्बन डॉट म्हणतो. लोक ते लिंबाच्या रसापासून करतात, दुधापासून करतात, मी केळीच्या सालीपासून करते. साली वाळवायच्या, पाण्यात घालून पोलादी डबीत घट्ट बंद करायच्या आणि भट्टीत ठेवायच्या. सकाळी डबी उघडली की आत चहाच्या फिक्या पाण्यासारखं काहीतरी असतं. बघणारा म्हणेल, हे काय, मोरीत ओता. पण अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरलं की ते निळं उजळतं. तू पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायचीस, त्या निळ्याहून उजळ. आणि त्यात तांबं मिसळलं की ती निळाई विझते. जितकं तांबं जास्त तितका अंधार जास्त. लोखंडानंही विझायची, तिथंच माझी कितीतरी वर्षं गेली. फक्त तांब्याला ओळखेल आणि बाकी कुणाला भीक घालणार नाही असा कण करायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. माझ्या हाताखाली शिकणारी पोरं म्हणायची, मॅडम, जाऊ द्या ना, लोखंडावरच पेपर लिहू. मी त्यांच्यावर खेकसायचे. त्यांना काय माहीत.

कण जमले तशी मी पहिली गोष्ट केली ती ही, की चौकबाजारातून तांब्याचा लोटा आणला, तसाच, चिंचेनं घासला, रात्रभर नळाचं पाणी भरून ठेवला. सकाळी त्यातलं पाणी कणांत घातलं. निळाई जराशी मंदावली. नुसत्या डोळ्यांना तर फरकही कळेना, यंत्रावर कळला. मला खरं वाटेना. दुसऱ्या यंत्रावर तपासलं, दुसऱ्या लोट्यात तपासलं, दोन वेळा भरून तपासलं. मग मुठीतल्या शेंगदाण्यांचा अर्क काढून तपासला, तर त्यात पाण्याहून जास्त तांबं निघालं. मग शेवटची गोष्ट केली. यकृताच्या जिवंत पेशी घेतल्या, एका ताटलीत चांगल्या, दुसऱ्या ताटलीत भाऊच्या आजाराचा दोष असलेल्या. दोन्हींना तेच खाणं, तेच पाणी, तेवढंच चिमूटभर तांबं, आणि दोन्हींच्या पोटात माझे कण. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही मंदावल्या. चांगल्या पेशींनी जास्तीचं तांबं बाहेर टाकलं आणि त्या पुन्हा निळ्या झाल्या. दुसऱ्या काळवंडल्या आणि काळ्याच राहिल्या. त्यांना लोटा कुणी दाखवला नव्हता. जे खातो त्या प्रत्येक घासात थोडं तांबं असतंच, माय, तुझ्यामाझ्या अंगातून ते निघून जातं. भाऊच्या अंगातून निघायची वाट जन्मापासून बंद होती. मोरी तुंबली तर नळाला दोष देऊन काय होणार? आणि लहानपणीची ती कावीळ हाच पहिला फटका होता, हे मला तिथंच उभ्या उभ्या उमगलं. लोटा घरात यायच्या आधीच आजार घरात आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं तुझं. मी खुर्चीवर बसून रडले. एक विद्यार्थिनी पाणी घेऊन आली, तिला वाटलं प्रयोग फसला.

रविवारी सकाळी आप्पा गॅलरीत बसून ज्वारीचा कोवळा पोंक खात होते, वर शेव भुरभुरलेली. मी त्यांच्यासमोर पाट ओढून बसले आणि फोनवरचे ते दोन फोटो त्यांना दाखवले, एक निळा, एक काळा. मी सगळं सांगितलं, आपल्या बोलीत, हळूहळू. म्हटलं, आप्पा, पाण्यानं नाही झालं. मायचा काही दोष नव्हता. दोघांच्या रक्तातून थोडं थोडं आलं, कुणीच काही केलं नाही. मी घाबरले होते की त्यांना सोसेल की नाही. त्यांनी फोटो बघितले, चष्मा काढला, ताटली बाजूला ठेवली. म्हणाले, "माले मालूम शे."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. तर ते म्हणाले, "डाक्टरनी तवयच सांगेल व्हतं. दोन्हीसना रंगतमाईन येस म्हने." म्हणजे त्याच दिवशी. व्हरांड्यात. आपण तिघं बाकावर बसलो होतो तेव्हा. डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की पाणी बंद करा, पण पाण्यानं हे झालेलं नाही, हा आईबापांच्या रक्तातून येणारा आजार आहे, धाकट्या मुलीलाही तपासून घ्या. मी विचारलं, मग तुम्ही मायला का नाही सांगितलं? सगळ्यांना पाण्याचं का सांगत राहिलात? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "रंगतमा शे असं जातमा समजतं, तं तुले कोन करी लेतं?"

माय, आजार रक्तात आहे असं कळलं असतं तर मला कुणी पदरात घेतलं नसतं, म्हणून. तुला सांगितलं असतं तर तुझ्या पोटात राहिलं नसतं, तू मावशीला सांगितलं असतंस, मावशीनं गावाला, असं त्यांचं म्हणणं. पाणी कुणाच्या रक्तात नसतं, म्हणून दोष पाण्यावर घातला. मला तेव्हा आठवलं, भाऊ दवाखान्यात असताना आप्पांनी मला एकटीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. चष्मा लागलाय का बघायचंय, म्हणाले होते. डॉक्टरनं डोळ्यांत उजेड टाकला, दंडातून रक्तही घेतलं. चष्म्यासाठी रक्त कशाला, असं मी विचारलंही होतं. पुढे एक दिवस ते लूमवरून लवकर आले, मला स्टेशनजवळ घेऊन गेले आणि कोल्ड कोको पाजला, मोठा ग्लास. घरात पोरगं मरायला टेकलेलं आणि हा माणूस मला कोको का पाजतोय ते मला कळलं नव्हतं. मी पीत होते आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होते. माझं रक्त चांगलं निघालं होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं असणार.

मला त्यांचा राग आला. इतका आला की मी उठून आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले, मुलगी "शुं थयुं मम्मी" म्हणत मागे आली, तिला मी हाकललं. तू चुलीपाशी पाठ करून बसायचीस आणि ते तुझ्या पाठीला ऐकवायचे, पाणी बाधलं. तू हात मागे घ्यायचीस ते त्यांना दिसत नव्हतं? मी त्यांना हेच विचारलं, दाराशी उभी राहून, आवाज चढवून. ते म्हणाले, दिसायचं. रोज दिसायचं.  माझ्यासाठी केलं हे खरं असेल, पण अर्धा दोष स्वतःवर येऊ नये म्हणूनही केलं असेल, माणूसच आहेत. हे मी त्यांना विचारलं नाही. काही दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि निघून जायचे. नवऱ्यानं विचारलं, त्यालाही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे त्याच्या आईला त्या दिवशी आपण काय सांगितलं तेही सांगायला हवं. बघ, मीही तेच करतेय. माझी तपासणी मी मागेच करून घेतली होती, गुपचूप, आणि प्रयोगासाठी रक्त हवंय म्हणून नवऱ्याचीही. एका बाजूनं माझ्यातही तो दोष आहे, नवऱ्यात नाही, त्यामुळे पोरीला काही होणार नाही. तो तुमच्यातल्या कुणाकडून आला ते कळायला मार्ग नाही. मी धरून चाललेय की तुझ्याकडून आला.

काल संध्याकाळी आप्पांनी आतून पाणी मागितलं. मी ग्लास भरून नेला, त्यांनी तो घेतला, आणि आम्ही थोडं बोललो, लाइट बिलाबद्दल. ते म्हातारे झालेत, माय. त्यांच्यावर मला फार दिवस रागावता येणार नाही आणि रागवायचं सोडून देताही येत नाही. इतकी वर्षं मला एकच वाटायचं, की एकदा, फक्त एकदा तू समोर यावीस आणि मी तुला सांगावं, पाण्यानं नाही झालं. आता तेवढंच सांगून मी थांबू शकत नाही. तू विचारशील, मग तुझे आप्पा इतकी वर्षं का बोलले नाहीत. आणि मला सांगावं लागेल की माझं लग्न व्हावं म्हणून. ते ऐकून तू काय म्हणशील, तेही मला पक्कं ठाऊक आहे. तू डोळे पुसशील आणि म्हणशील, "बरं करं त्यासनी." बरंच केलं म्हणशील, आणि ते मला ऐकवणार नाही. काल ग्लास परत घेऊन येताना मनात आलं, बरं झालं तू नाहीस.